बारा पोकळ खांब

"काय सुंदर वास्तू आहे हो!" असं कुणी म्हणालं की चाचा त्याच्याकडे आधी खालून वर बघायचे आणि मग म्हणायचे, "सुंदर न्हाई. बरोबर हाय." एवढं बोलून पाठ फिरवायचे. समोर कॉलेजची पोरं असोत नाहीतर पांढऱ्या गाडीतून उतरलेला पुढारी असो, उत्तर तेच. मला ते पहिल्यांदा मिळालं तेव्हा रागच आला होता. आज वाटतं, आमच्या ऑफिसातल्या पदवीवाल्यांनी मिळून त्या इमारतीबद्दल जेवढं लिहिलं, त्यात या चार शब्दांइतकं खरं एकही वाक्य नव्हतं. लिहिणाऱ्यांची नावं आज पितळी पाटीवर आहेत. चाचांचं नाव कुठेच नाही. मीही ते इथे घेत नाही. घ्यायचा हक्क मी गमावला, तो कसा ते सांगते.

पौडच्या पुढे, ताम्हिणीच्या रस्त्याला, धरणाच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर एक जुनी ट्रामची शेड होती. धरण बांधलं जात होतं तेव्हा दगड, चुना आणि मजूर वाहून नेणारी एक छोटी ट्राम तिथे होती, आणि ती संध्याकाळी ज्या छपराखाली मुक्कामाला यायची ते हे छप्पर. धरण झालं, ट्राम गेली, रूळ भंगारात गेले. मग कित्येक वर्षं तिथे सरकारी गाड्यांचं गॅरेज चाललं. चाचा त्या गॅरेजात फिटर होते. तेही बंद पडलं, पण चाचा उरले. शेडच्या मागे एक खोली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि कुणी नेमलेलं नसताना केलेली राखण. पौडच्या बाजारात त्यांच्या धाकट्या भावाचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. शुक्रवारी दुपारी नमाजाला पौडला जायचे, तेवढाच वेळ शेडीला सुट्टी.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास ही जागा एका शेठनं घेतली. त्याला जुन्या गाड्यांचा शौक. तिथे वाहनांचं संग्रहालय करायचं ठरलं आणि काम आमच्या पुण्यातल्या ऑफिसला मिळालं. मी तिथे ड्राफ्ट्समन. बाई असले तरी पगारपत्रकावर 'मॅन'च. मूळची परभणीची, पिरंगुटला खोली घेऊन राहायची आणि रोज जीपमध्ये कोंबून साइटवर जायची. पहिलं काम होतं शेडीची मापं घेऊन नकाशा काढण्याचं.

पहिल्या दिवशी टेप काढायच्या आधी चाचांनी मला दार लावायला सांगितलं. सागवानी दार, माझ्या दुप्पट उंच, खाली लोखंडी चाक. मी ढकललं, ते धाडकन आपटलं.

"परत."

दुसऱ्यांदाही आपटलं. तिसऱ्यांदा मी चिडून, पण हळू, दोन्ही हातांनी लावलं. ते आवाज न करता जागेवर बसलं.

"आता घे माप. दार आपटणाऱ्याला काय माप कळणार, डोंबल?"

नावं कुणाचीच घ्यायचे नाहीत. मी 'नकाशेवाली'. आमचे सर कडक इस्त्रीचे शर्ट घालायचे म्हणून 'इस्त्रीवाला'. शेठ 'गाडीवाला', तोही तोंडावर. उभ्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाहीत. विचारायचं तर त्यांच्याबरोबर चालत विचारायचं. दुपारची भाकरी मात्र बसून, आणि तीही कुठे? ट्रामच्या पोटाखाली शिरून दुरुस्ती करायला रुळांच्या मधोमध जे लांब, दगडी बांधणीचे खड्डे होते ना, त्यातल्या मधल्यात उतरून. उन्हाळ्यात सगळी साइट घामानं निथळत असायची आणि चाचांचं नुसतं डोकं जमिनीवर दिसायचं, चटणी-भाकरी खाणारं. एकदा मलाही उतरवलं. खाली गारवा होता, दगड थंड. बाहेर येऊच नये असं वाटलं.

त्या शेडीचं खरं शिक्षण मला त्या खड्ड्यात मिळालं. वर बोट करून सांगायचे. छप्पर एक नाही, तीन, शेजारी शेजारी, तीन रुळांवर तीन. प्रत्येकाच्या माथ्यावर आणखी एक छोटं, उचललेलं छप्पर, इंजिनाचा धूर जायला. उत्तरेकडे काचा, कारण तिकडून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो आणि काम करणाऱ्याच्या हाताची सावली कामावर पडत नाही. जमीन दाराकडे किंचित उतरती, वीतभरच, पण तेवढ्यानं दोन माणसं ट्राम ढकलून बाहेर काढू शकत. एकही गोष्ट शोभेची नाही. मी विचारलं, "आणि हे खांब?"

"त्ये उद्या. पानी लागंल."

खांब बारा होते. दोन छपरांच्या मधे जी खोलगट जागा राहते ती पन्हळ, अशा दोन पन्हळी, आणि प्रत्येकीखाली सहा-सहा बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब. रोज सकाळी चाचा किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन बाराच्या बारा खांबांवर टकटक करत जायचे आणि दर वेळी मान हलवायचे. साइटवरचे मजूर हसायचे. मीही हसले होते.

दुसऱ्या दिवशी सत्तरीचा तो माणूस पत्र्यावर जाऊन बसला आणि त्यानं भरलेली घागर दोरानं वर ओढून घेतली. खाली मला हुकूम, "चौथ्या खांबाला कान लाव." लावला. वरून घागर रिकामी झाली आणि खांबाच्या आतून, माझ्या कानाशेजारून, पाणी खाली गेलं. आधी बारीक, मग भरभरून, मग पायांखालून कुठेतरी लांब. मी दचकून मागे झाले. खांब पोकळ होते. छपराचं पाणी पन्हळीत, पन्हळीतून खांबात, खांबातून जमिनीखालच्या दगडी मोरीनं खड्ड्यांत आणि तिथून ओढ्याला. मुळशीतला तो राक्षसी पाऊस बारा खांब गुपचूप पिऊन टाकत होते, आणि जाता जाता खड्ड्यांतली राख-तेल धुऊन नेत होते. भिंतीवर एक पाइप नाही, आत एक थेंब नाही.

वरून चाचा ओरडले, "ऐकलंस?"

"ऐकलं!"

"इसरू नगंस."

त्यांचे आजोबा त्या शेडीच्या पायावर दगड घडवायला होते, आणि आजोबांचंच गाव पुढे धरणात गेलं. हे कळल्यावर मी एकदा, चालता चालताच, विचारलं, "चाचा, ज्यांनी तुमचं गाव बुडवलं त्यांच्या शेडीचं एवढं कौतुक कसं हो तुम्हाला?" ते थांबले. कधी थांबायचे नाहीत, त्या दिवशी थांबले.

"बुडवणारे गेले. हुकूम त्येंचा व्हता, पर हात आमच्या आज्याचा हाय. त्यो बी बुडवू व्हय?"

मी नकाशा काढला. बारा खांब, प्रत्येक खांब म्हणजे वर्तुळात वर्तुळ, मधे पांढरं. खालच्या मोरीची तुटक रेघ, खड्डे, ओढ्याकडचं तोंड. आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला नकाशा. कोपऱ्यात माझी सही. सरांनी तो टेबलावर पसरला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे काय डोनट काढलेत?"

मी सांगितलं. घागरीचंही सांगितलं.

"हे बघ," सर म्हणाले, "खड्डे भरायचेत. शेठना आरशासारखी फरशी हवी आहे, गाड्यांचं प्रतिबिंब दिसेल अशी. खांबातून पाणी जातं असं दाखवलं की बाहेरून नवी मोरी आली, म्हणजे खडक फोडणं आलं, नवी मंजुरी आली. उद्घाटनाची तारीख ठरली आहे. खांब म्हणजे खांब. काळे करून टाक."

नकाशात भरीव खांब काळा रंगवतात. कॉम्प्युटरवर त्याला किती वेळ लागतो? बारा वेळा बटण दाबायचं. मी दाबलं. नवी प्रिंट निघाली, कोपऱ्यात पुन्हा माझी सही. पहिला नकाशा गुंडाळून मी घरी नेला. का नेला? मनाला तेवढंच समाधान की खरा आपल्याकडे आहे. काय करायचंय तसलं समाधान! लोणचं घालायचं?

खड्डे भरायच्या दिवशी काँक्रीटचा मिक्सर घरघरत उभा राहिला आणि चाचा मधल्या खड्ड्यात बसून भाकरी खात राहिले. बिहारी पोरं वरून विनवत होती, "चाचा, निकलो ना." सर घड्याळ बघत होते. चाचांनी शेवटचा घास खाल्ला, फडकं झटकलं, वर आले आणि सरांना म्हणाले, "आषाढात या. पाय वर घिऊन बसाल." मग माझ्याकडे बघितलं. मी टेपचं टोक गुंडाळत होते. ते आधीच गुंडाळलेलं होतं.

उद्घाटनात सरांनी भाषण केलं. "आम्ही या वास्तूचा आत्मा जपला." आत्मा! धुराचं छप्पर बंद करून खाली पांढरं सिलिंग मारलं होतं, उत्तरेच्या काचांवर ट्रामची रंगीत चित्रं चिकटवली होती, उतरती जमीन पातळीत आणून फरशी घातली होती, आणि मग आत दिवसाही अंधार म्हणून ढीगभर दिवे. एक ट्राम मुंबईच्या भंगारातून आणून, लाल-पिवळी रंगवून, तुकडाभर रुळावर उभी केली होती. तिचा या जागेशी काडीचा संबंध नाही. टाळ्या मात्र कडकडून. चाचा दाराशी उभे होते. कुणीतरी जाताना दार आपटलं.

पुढच्या आषाढात चार दिवस सूर्य दिसला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी उरल्यासुरल्या कामासाठी जीपमधून उतरून आत गेले तर खांबांच्या बुडाशी फरशा उचलल्या गेल्या होत्या आणि सांध्यांतून पाणी बुडबुडत वर येत होतं. शेठच्या लाकडी दारांच्या त्या जुन्या मोटारी घोट्याएवढ्या पाण्यात. चाचा कुठे? चाचा वर. तसल्या पावसात पत्र्यावर चढून एकेका खांबाच्या तोंडात गोणपाट कोंबत होते, आणि पन्हळीचं टोक उचकटून पाणी बाहेर ओढ्याकडे पाडत होते. दुपारपर्यंत आतलं पाणी चढायचं थांबलं. खाली उतरले तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते. मला म्हणाले, "गाड्या वाचल्या बग." त्या माणसाला गाड्यांचं काय पडलं होतं? काही नाही. पण छपराखाली आलेली वस्तू भिजता कामा नये, इतकं साधं होतं ते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी शेठ आला, सर आले. पाऊस चालूच होता. त्या उखडलेल्या फरशीवर खुर्च्या मांडून बैठक झाली, आणि टेबलावर ठेवली ती चाचांची उरलेली ओली गोणपाटं. पुरावा म्हणून!

सर शांतपणे म्हणाले, "पन्हळी यांनी तुंबवल्या. पाणी छपरावर साठलं आणि आत उतरलं. आषाढात पाय वर घेऊन बसाल, ही धमकी मला यांनी सगळ्यांदेखत दिली होती."

"पानी आदी आलं. गोनपाट मी मागनं घातलं," चाचा म्हणाले. "खांब पोकळ हायेत. त्येंची वाट तुमी बुजवली, मग त्ये कुटं जानार?"

"खांब भरीव आहेत," सर म्हणाले आणि नकाशा उलगडला. बारा काळे ठिपके.

"चढा वर. दावतो."

शेठनं छताकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे. सरांनी तेही केलं नाही. कुणी चढलं नाही. चढायचंच नव्हतं कुणाला! एक घागर पाणी आणि एक कान, एवढाच पुरावा पुरला असता.

"असं करू," सर म्हणाले, "इथे ड्रिल आहे. एका खांबाला एक भोक पाडू. पाणी आलं तर तुम्ही खरे."

सरांना वाटलं असेल, म्हातारा घाबरेल. म्हातारा घाबरला नाही, खांबाच्या पुढे जाऊन पाठ लावून उभा राहिला.

"बीड हाय ह्ये. भोक पाडलं की चिरतंय. आज न्हाई, धा वर्सांनी, पर चिरतंय. न्हाई पाडू द्यायचा."

"मग तुम्ही खोटं बोलताय असं धरायचं का?" शेठनं विचारलं.

"काय धरायचं ते धरा. भोक न्हाई."

एक भोक! त्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली असती आणि चाचांची खोली, किल्ल्या, अब्रू, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी नाही. खांब चिरण्यापेक्षा स्वतःवर बालंट घेतलं त्या माणसानं, आणि आवाजसुद्धा चढवला नाही.

मग शेठ माझ्याकडे वळला. "मॅडम, हे ड्रॉइंग तुमचं ना? मापं तुम्ही घेतलीत?"

चाचा माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत विनंती नव्हती. फक्त वाट बघणं होतं, मी दार कसं लावते ते बघताना असायचं तसं.

मी म्हणाले, "हो."

एवढंच. ड्रॉइंग माझं होतं, मापं मी घेतली होती. शब्द खरा आणि अख्खी मी खोटी. नोकरी, पिरंगुटच्या खोलीचं भाडं, परभणीला पाठवायचे पैसे, सगळी कारणं मला पाठ आहेत आणि त्यातलं एकही मला आता ऐकवत नाही.

चाचांनी त्या दिवशी खोली सोडली. पौडात बातमी त्यांच्या आधी पोचली, म्हाताऱ्यानं डूख धरून शेठच्या गाड्या बुडवल्या. ज्या बाजारात कुलूप अडकलं, गिरणीचा पट्टा सुटला, की 'चाचांना बोलवा' म्हणत, तिथे कुणी बोलवेना. आणि इकडे? दिवाळीनंतर ऑफिसनं गुपचूप खडक फोडून बाहेरून नवी मोरी काढली आणि खांबांची बुडं तिला जोडली. भरीव खांबांची बुडं! म्हणजे सगळ्यांना सगळं कळलं होतं. पण पौडला जाऊन एक शब्द सांगायला कुणाला वेळ झाला नाही. त्यात मीही आले.

मी नोकरी सोडली ती त्यानंतर वर्षानं, दुसरी मिळाल्यावर. शौर्य नव्हतं त्यात. आणि मग एका शुक्रवारी पहिला नकाशा घेऊन पौडला गेले. चाचा भावाच्या दुकानात, पेटीच्या झाकणाला बिजागरी बसवत होते. मी नकाशा उलगडला. त्यांनी हात पुसले, बराच वेळ बघितलं, मोरीच्या तुटक रेघेवरून बोट फिरवलं.

"बरोबर हाय," म्हणाले.

मला रडू फुटलं. "चाचा, मी त्या दिवशी..."

"सही कुनाची हाय ह्यावर?"

"माझी."

"आन् त्या काळ्या ठिपक्यांच्यावर?"

"माझीच."

त्यांनी नकाशा नीट गुंडाळला, कडा जुळवल्या आणि माझ्या हातात दिला.

"मग एक फाड की. दोनी कशाला ठिवलंस?"

ना शिवी, ना माफी. पुन्हा बिजागरी हातात घेतली. मी उभीच राहिले, पण उभ्या माणसाशी ते बोलत नसत.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. मला महिन्यानं कळलं, जीपच्या ड्रायव्हरकडून. तो म्हणाला, "ते न्हाईत का, गाड्या बुडवल्या ते."

त्या पावसाळ्यात मी तिकीट काढून संग्रहालयात गेले. रविवार होता, लोक ताम्हिणीचे धबधबे बघून येता येता गर्दी करत होते. प्रवेशाशीच, सोनेरी चौकटीत, काचेखाली नकाशा: 'मूळ ट्राम-शेडचा आराखडा'. बारा काळे ठिपके, कोपऱ्यात माझी सही. मी आतल्या मॅनेजरला बोलावलं आणि सांगितलं, हा नकाशा खोटा आहे, उतरवा.

तो हसला. "मॅडम, खाली ड्राफ्ट्समनची सही आहे. तो माणूस कशाला खोटं काढेल?"

"काढलं," मी म्हणाले. "तो माणूस मी आहे. खांब पोकळ आहेत हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि भरीव काढले. या जागेत पाणी शिरलं ते माझ्या सरांमुळे आणि माझ्यामुळे. ज्या चाचांना तुम्ही चोरासारखं घालवलं, त्यांनी ते थांबवलं होतं."

मी मोठ्यांदा बोलत होते. रांगेतले लोक बघायला लागले. मॅनेजर जवळ आला आणि समजुतीच्या सुरात हळूच म्हणाला, "असू द्या हो मॅडम. एवढं कुठं कळतंय लोकांना? जरा बाजूला होता का, यांना नकाशासमोर फोटो काढायचाय."

मी बाजूला झाले नाही.